तिला संघात घेऊ की नको?

वाचकाचं पत्र (थोडक्यात, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत)

मी तालुक्याच्या गावी मुलींचा कबड्डी संघ चालवते. स्वतः राज्य स्पर्धा खेळलेली आहे. रोज संध्याकाळी शाळेच्या मैदानावर सोळा ते चोवीस वयाच्या वीसेक मुली येतात. वर्षभरापासून त्यांच्यात एक ट्रान्स मुलगी येते, म्हणजे जन्माच्या वेळी मुलगा म्हणून नोंदलेली, पण स्वतःला मुलगी मानणारी. वय तेवीस, पतसंस्थेची पिग्मी गोळा करते. कॉलेजात असताना ती मुलांच्या संघातून खेळायची. दीड वर्षापासून पुण्यातल्या डॉक्टरांकडे तिचे हार्मोनचे उपचार चालू आहेत आणि सरकारी ओळखपत्रही मिळालं आहे. शिस्तीची आहे, मुलींशी तिचं छान जमतं. आता तिला संघातून सामने खेळायचे आहेत. निमंत्रितांच्या सामन्यांचा मोसम आणि पाठोपाठ जिल्ह्याची निवड चाचणी तोंडावर आली आहे. माझी सगळ्यात चांगली चढाईपटू एकोणीस वर्षांची आहे. तिचे वडील सांगून गेले, "ती संघात असेल तर माझी पोरगी मैदानावर येणार नाही." दोन-तीन पालक म्हणतात, डॉक्टरी तपासणी करून घ्या, म्हणजे विषयच मिटेल. मला तिला दुखवायचं नाही, पण मुलींच्या तोंडचा घास काढल्यासारखंही व्हायला नको. कायद्याने तिला हक्क असेल तर अडवणारी मी कोण? आणि हक्क नसेल, तर वर्षभर तिला येऊ दिलं हे माझं चुकलं का? हो म्हणू की नाही, एवढंच सांगा.

उत्तर

ताई,

एका शब्दात उत्तर दिलं तर ते कुणावर तरी अन्याय करणारंच असेल, म्हणून जरा सविस्तर लिहिते. तुमच्या एका प्रश्नात तीन प्रश्न आहेत. तिने तुमच्या मैदानावर सराव करावा का, हा पहिला. गावोगावच्या निमंत्रित सामन्यांत तुमच्या संघाकडून उतरावं का, हा दुसरा. आणि जिल्ह्याच्या निवड चाचणीला महिला गटातून उभं राहावं का, हा तिसरा. तिन्हींची उत्तरं वेगळी आहेत आणि ती द्यायचा अधिकारही वेगवेगळ्या लोकांकडे आहे. पालकांनी ते तिन्ही एकत्र करून तुमच्यापुढे ठेवले, आणि तुम्हीही तसेच घेतलेत.

पहिल्याचं उत्तर सरळ आहे. तिला वर्षभर येऊ दिलंत यात तुमचं काहीच चुकलं नाही. तुमचं मैदान शाळेचं आहे. २०१९ च्या तृतीयपंथी व्यक्ती (हक्कांचे संरक्षण) कायद्याचं कलम १३ सांगतं की, सरकारी अनुदान किंवा मान्यता असलेल्या शिक्षणसंस्थांनी तृतीयपंथी व्यक्तींना शिक्षणाबरोबरच खेळाची आणि मनोरंजनाची संधीही भेदभाव न करता द्यावी. तुमचा संघ म्हणजे शाळा नव्हे, हे खरं. पण तुम्ही जे केलंत ते या कायद्याला धरूनच आहे. शिवाय सरावाला मुलींना मुलांसमोर चढाया करायला लावणं तुम्हाला नवीन नसेल. पकड घट्ट व्हावी म्हणून कितीतरी प्रशिक्षक ते मुद्दाम करतात. तेव्हा सरावातल्या तिच्या असण्याने कुणाचं नुकसान होतं, हे त्या वडिलांना शांतपणे विचारा. जोड्या लावताना वजन बघा, जसं तुम्ही सोळा वर्षांच्या मुलीला चोवीस वर्षांच्या मुलीसमोर उभं करताना बघत असाल. तिची मैदानावरची जागा कुणाच्या धमकीमुळे जाता कामा नये.

आता तिसरा प्रश्न, कारण खरा पेच तिथे आहे.

तुम्ही लिहिलंय, 'हक्क असेल तर अडवणारी मी कोण.' यात एक गृहीत आहे. ओळख मान्य झाली की खेळाचा गटही आपोआप ठरतो, असं तुम्ही धरून चालला आहात. सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ च्या, तृतीयपंथींच्या हक्कांबद्दलच्या नाल्सा निकालात सांगितलं की, आपला लिंगभाव काय हे ज्याचं त्याने ठरवायचं. ती मुलगी आहे, हे मी कुठलीही अट न घालता मानते आणि तुम्हीही मानता, हे तुमच्या पत्रात जागोजागी दिसतं. पण मैदानावरचा गट ओळखीसाठी पाडलेला नाही. वयात येताना टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हार्मोनमुळे शरीरात जे बदल होतात, त्यांच्यासाठी तो पाडलेला आहे. उंची, हाडांची जाडी, खांद्यांची रुंदी, हाताचा पल्ला, स्नायूंचं प्रमाण. धावणं आणि पोहणं यांत अव्वल पुरुष आणि स्त्रियांच्या कामगिरीत साधारण १० ते १२ टक्क्यांचा फरक असतो. उड्या, फेकी आणि वजन उचलणं यांत तो आणखी वाढतो. म्हणून तर पोलीस भरतीला मुलं १६०० मीटर धावतात आणि मुली ८००. कबड्डीचं मैदानही पुरुषांना १३ बाय १० मीटर आणि स्त्रियांना १२ बाय ८.

उपचारांनी हा फरक किती भरून निघतो? काही बाबतीत लवकर, काही बाबतीत हळूहळू, आणि काही बाबतीत नाहीच. टेस्टोस्टेरॉन दाबणारे उपचार सुरू झाले की हिमोग्लोबिन तीन-चार महिन्यांत स्त्रियांच्या पातळीवर येतं. स्नायूंचं प्रमाण मात्र पहिल्या वर्षात फक्त पाचेक टक्क्यांनी घटतं. अमेरिकी हवाई दलातल्या ट्रान्स स्त्रियांच्या तंदुरुस्ती चाचण्यांच्या नोंदी संशोधकांनी तपासल्या. दोन वर्षांच्या उपचारांनंतर जोर आणि सिट-अप्समध्ये त्यांच्यात आणि इतर स्त्रियांमध्ये फरक उरला नव्हता, पण दीड मैल धावण्यात त्या अजून १२ टक्के वेगवान होत्या. उंची आणि हाडं तर बदलतच नाहीत. असे बहुतेक अभ्यास स्पर्धात्मक खेळाडूंवर झालेले नाहीत, हेही लक्षात घ्या. तरी त्यांचा कल एकाच बाजूला आहे, आणि तो तुमच्यापासून लपवणं मला बरं वाटत नाही.

दुसऱ्या बाजूने, ती जिंकणारच असं धरून चालणंही चूक आहे. टोकियो ऑलिंपिकला न्यूझीलंडची लॉरेल हबर्ड ही ट्रान्स स्त्री महिलांच्या वेटलिफ्टिंगमध्ये उतरली. त्याआधी जगभर केवढा गदारोळ झाला होता! प्रत्यक्षात स्नॅचचे तिन्ही प्रयत्न फसले आणि ती स्पर्धेबाहेर गेली. तुमच्या पत्रात तुमच्या खेळाडूची उंची नाही, वजन नाही, ती चढाईत किती गुण घेते तेही नाही. पालकांनी यातलं काही बघितलंय का? बहुधा नाही. फक्त नियम एकेका व्यक्तीचा खेळ बघून करता येत नाही, तो गटासाठीच करावा लागतो. तिथेच महासंघांची अडचण झाली.

आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०२१ मध्ये सांगितलं की, कुणी ट्रान्स आहे म्हणून तिला फायदा आहे असं आधीच गृहीत धरू नका, आणि नियम करायचं काम त्या-त्या खेळाच्या महासंघावर सोडलं. महासंघ त्यानंतर कडक होत गेले. जलतरणाने २०२२ मध्ये, अ‍ॅथलेटिक्सने मार्च २०२३ मध्ये आणि आयसीसीने नोव्हेंबर २०२३ मध्ये ठरवलं की, पुरुषी पौगंडावस्थेतून गेलेल्या ट्रान्स स्त्रियांना आंतरराष्ट्रीय महिला गटात खेळता येणार नाही. रग्बीने तर २०२० मध्येच, मुख्यतः इजेच्या भीतीने, तसं ठरवलं होतं. कबड्डीत अंगाला अंग भिडतं, म्हणून रग्बीचं कारण आपल्याला जास्त जवळचं आहे. क्रिकेटमधली हीच लढाई आपल्या मराठी घरातही पोचली आहे. संजय बांगर यांची मुलगी अनाया हिने आपल्या शारीरिक चाचण्यांचा अहवाल जाहीरपणे मांडून आयसीसी आणि बीसीसीआयकडे खेळायची संधी मागितली. आयसीसीचा नियम आंतरराष्ट्रीय सामन्यांपुरता आहे. देशांतर्गत क्रिकेटचं काय करायचं, ते त्या-त्या मंडळाने ठरवायचं आहे.

आपल्याकडची न्यायालयं वेगळ्या बाजूनेही गेली आहेत. २०२२ मध्ये कोझिकोडच्या एका ट्रान्स स्त्रीला जिल्हा ज्युदो स्पर्धेत महिला गटातून खेळायचं होतं. केरळ उच्च न्यायालयाने अंतरिम आदेशात म्हटलं, आयोजकांनी स्वतंत्र गटाची सोय केली नसेल तर तिला तिच्या पसंतीच्या गटात खेळू द्या. सोय करायची जबाबदारी न्यायालयाने आयोजकांवर टाकली, तिच्यावर नाही. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. महाराष्ट्रातही २०२२ मध्ये पोलीस भरतीच्या अर्जात तृतीयपंथींसाठी रकाना नव्हता, तो प्रश्न प्रशासकीय न्यायाधिकरणातून उच्च न्यायालयात गेला. शेवटी सरकारला रकानाही द्यावा लागला आणि शारीरिक चाचणीचे वेगळे नियम करायचं कामही हाती घ्यावं लागलं. नियम करायला कुणी बसलं तरच तो होतो.

मग मला काय वाटतं? पुढच्या पातळीसाठी संघ निवडला जातो, तिथे पुरुषी पौगंडावस्था झालेल्या खेळाडूंना महिला गटापासून वेगळं ठेवण्याचा नियम कुणी केला, तर मी त्याला भेदभाव म्हणणार नाही. कारण तिथे मुलींचं काय पणाला लागलेलं असतं ते तुम्ही जगला आहात. संघात बारा जागा. त्यातली एक मिळाली तर राज्य स्पर्धेचं प्रमाणपत्र, दहावी-बारावीला वाढीव क्रीडा गुण, पुढे सरकारी नोकरीत खेळाडूंच्या पाच टक्के आरक्षणाचा दरवाजा. शेतमजुराच्या मुलीला लग्नाच्या घाईतून दोन-तीन वर्षं सुटका मिळवून देणारं तेवढंच एक कारण असतं. एशियाडमध्ये पुरुषांची कबड्डी १९९० ला आली, बायकांची २०१० ला. जे वीस वर्षं उशिरा मिळालं, ते जपायला मुली आणि त्यांचे बाप आटापिटा करणारच. त्या वडिलांची भाषा चुकीची आहे, भीती मात्र खरी आहे.

पण ताई, हा नियम करणं तुमचं काम नाही. ते राज्य संघटनेचं आणि महासंघाचं. तुमचं काम त्यांना वेळेवर विचारण्याचं. चाचणीच्या बऱ्याच आधी संघटनेला पत्र लिहा. आमच्याकडे एक ट्रान्स खेळाडू आहे, उपचार चालू आहेत, ओळखपत्र आहे, तिच्या पात्रतेबद्दल आपला लेखी नियम कळवावा. नाव लिहायचं की नाही, ते तिला विचारूनच ठरवा. हा उजेड चाचणीच्या दिवशी वजनाच्या टेबलापाशी पडला तर चारशे माणसं आणि पन्नास मोबाइल तिच्या अंगावर येतील. तिथे तिची जी विटंबना होईल, ती पुढे कशानेच भरून निघणार नाही.

आणि तपासणीचं म्हणाल, तर नाही. अजिबात नाही.

शांती सौंदराजनचं नाव तुम्ही ऐकलं असेल. तमिळनाडूतली, वीटभट्टीवर राबणाऱ्या आईबापांची मुलगी. २००६ च्या दोहा एशियाडमध्ये ८०० मीटरचं रौप्यपदक तिने जिंकलं. मग लिंगचाचणी झाली, पदक काढून घेतलं, आणि तिचं शरीर देशभराच्या बातम्यांचा विषय झालं. तिने जीव द्यायचाही प्रयत्न केला. ती ट्रान्स नव्हती. जन्मापासून मुलगी म्हणूनच वाढलेली होती. ओडिशाच्या द्युती चंदला २०१४ मध्ये, अठराव्या वर्षी, ग्लासगोच्या राष्ट्रकुल स्पर्धेआधी असंच बाजूला केलं. ती लढली, २०१५ मध्ये क्रीडा लवादाने तिच्या बाजूने अंतरिम निकाल दिला, आणि २०१८ च्या एशियाडमध्ये तिने १०० आणि २०० मीटरची रौप्यपदकं आणली. तीही ट्रान्स नव्हती. तपासणीची मागणी एकदा मैदानावर आली की ती एका मुलीवर थांबत नाही. उद्या समोरच्या संघातल्या उंच, आखूड केसांच्या, जाड आवाजाच्या मुलीकडे बोट दाखवलं जाईल. परवा तुमच्याच एखादीकडे. ज्यांच्या रक्षणासाठी म्हणून हे सुरू झालं, त्याच मुलींना घरचे मग मैदानावर पाठवणार नाहीत.

जागतिक अ‍ॅथलेटिक्सने १ सप्टेंबर २०२५ पासून महिला गटासाठी एकदाच करायची जनुकीय चाचणी आणली आहे, हे पालक तुम्हाला सांगतील. ती जागतिक क्रमवारीच्या स्पर्धांसाठी आहे आणि तिच्याबद्दलही जगात टोकाचे मतभेद आहेत. गावातल्या संघाला असली चाचणी मागायचा अधिकार नाही. तो अहवाल गुप्त ठेवायची व्यवस्थाही नाही. तुमची खेळाडू तर काही लपवतही नाही. मग तपासायचं काय आहे?

आता मधला प्रश्न, निमंत्रितांच्या सामन्यांचा. ढाल, रोख बक्षीस आणि गावाची हौस यांच्यापलीकडे त्यातून सहसा पुढे काही मिळत नाही. इथे मी हो म्हणेन, एका अटीवर: आयोजकांना आणि समोरच्या संघांच्या प्रशिक्षकांना आधी स्पष्ट कल्पना द्यायची आणि त्यांची संमती घ्यायची. अर्थात हे सांगायला आधी तिची तयारी हवी. आयोजक नाही म्हणाले तर त्या स्पर्धेत ती नाही, आणि ते तिला तुम्ही स्वतः सांगायचं, परस्पर कळू द्यायचं नाही. सामन्यात किशोरवयीन मुली असतील तर तिला त्यांच्यासमोर बचावात कोपऱ्यावर उभं करू नका. इजेची जोखीम तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळते. शिवाय मोसमात एखादा मिश्र किंवा प्रदर्शनीय सामना तुम्हीच का भरवू नये? तालुक्यात तुमच्या शब्दाला वजन आहे.

हे सगळं करण्याआधी तिच्याशी बोला, एकटीशी, पालकांची बैठक बोलवायच्या आधी. तुमच्या पत्रात सगळ्यांचं म्हणणं आहे, तिचं मात्र एकच वाक्य आहे: सामने खेळायचे आहेत. कुठले सामने? कदाचित तिला जिल्ह्याचा संघ नकोही असेल, रविवारी टेम्पोत बसून सगळ्यांबरोबर परगावी जायचं असेल. कदाचित तिला थेट राज्याचा संघच हवा असेल. तसं असेल तर तिला खरं सांगा: निवडीच्या पातळीवर उत्तर नाही असं येण्याची शक्यता मोठी आहे, आणि आलं तर तू आमच्यातून जाणार नाहीस. 'बघू पुढे' म्हणत तिला झुलवत ठेवू नका. तिच्यासारख्या मुलींना लोक तोंडावर गोड बोलतात आणि मागे दार लावतात. तुमच्याकडून तसं होऊ नये. तिला पंच परीक्षा द्यायला किंवा तुमच्या हाताखाली शिकवायला आवडेल का, हेही विचारा, पण खेळायच्या बदल्यात गळ्यात मारलेलं काम म्हणून नको. तिच्या उपचारांबद्दल तिने तुम्हाला विश्वासाने सांगितलंय. ते पालकांना पटवून देण्यासाठी वापरू नका.

एकोणीस वर्षांच्या मुलीशीही बोला, वडील समोर नसताना. तिच्याकडून वडीलच बोलून गेले आहेत. तिला राग आहे की नाही, हे तुम्हाला अजून ठाऊक नाही. राग असेल तर तिला 'तू जुन्या विचारांची' असं वाटू देऊ नका. स्वतःच्या जागेची काळजी करणं हा तिचाही हक्क आहे, आणि तो बोलून दाखवायला तिला जागा हवी. वडिलांना सांगा की निवड चाचणीचा नियम संघटना लेखी देईल आणि तो आपण पाळू, त्यांच्या मुलीची जागा कुणी लपूनछपून घेणार नाही. एवढं सांगूनही ते सरावातून तिला हाकला म्हणाले, तर मात्र ठाम राहा. मैदानावर कोण येणार हे प्रशिक्षक ठरवते.

अशाच पेचात असलेल्या इतर वाचकांसाठी दोन गोष्टी. शाळेतल्या लहान मुलांच्या बाबतीत हा वाद जवळजवळ लागूच होत नाही, कारण वयात येण्याआधी मुलगे आणि मुलींच्या ताकदीत फारसा फरक नसतो. सात-आठ वर्षांच्या मुलाला लिंगभावावरून खो-खोच्या पाटीवरून उठवायला काहीच आधार नाही. आणि उलट्या दिशेने जाणारे, म्हणजे ट्रान्स पुरुष, या चर्चेत नेहमी विसरले जातात. त्यांच्या उपचारातलं टेस्टोस्टेरॉन हे उत्तेजकांच्या प्रतिबंधित यादीत येतं. त्यामुळे वरच्या पातळीवर खेळायचं असेल तर उपचारासाठीची लेखी सवलत त्यांनी आधीच मागावी, डॉक्टरांचे कागद जोडून.

राहिली कपडे बदलायची सोय. तुम्ही त्याबद्दल लिहिलं नाहीत, पण पुढच्या बैठकीत कुणीतरी हा मुद्दा काढणारच. शाळेच्या मैदानावर बहुधा मुलींनाच धड आडोसा नसतो, एकीने चादर धरायची आणि दुसरीने बदलायचं. मुख्याध्यापकांकडून एक वर्गखोली मागून घ्या, आतून कडी लागणारी, आणि एका वेळी एकीनेच आत जायचं असं ठरवा. हा नियम सगळ्यांना सारखा असेल, आणि सोळा वर्षांच्या मुलींना तर तो आधीच हवा असेल. संघटनेचं पत्र मात्र या आठवड्यातच द्या, आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या.